मासेमारांच्या होड्यांचं कलम

हेग, सप्टेंबर १९०७

प्रिय आल्त्येताई,

तुझा धाकटा भाऊ फोके इथे सुखरूप आहे. तू विणलेले मोजे रोज घालतो, हेरिंग मासा आणि कांदा पोटभर खातो. अक्षर वाकडं दिसलं तर घाईत लिहिलंय असं समज.

शांतता परिषदेच्या दालनात सकाळचं ऊन आलं की सगळे वकील आणि सेनापती मला धुक्यातल्या शिडांसारखे दिसतात. मी नुसता बघत बसतो. छान वाटतं, ताई.

दोन वर्षं ग्रंथालयात बसून लिहिलेलं माझं कलम काल चर्चेला आलं. लढाई पेटली तरी किनाऱ्यालगतच्या मासेमारांच्या होड्या कुणी धरू नयेत, एवढंच. एक नौसेनापती म्हणाला, "प्राध्यापक, तुम्हाला माशांचा फारच कळवळा दिसतो."

मी म्हटलं, "माशांचा नाही, साहेब. माझी बहीण रोज धक्क्यावर नवऱ्याची वाट बघते. तिचं तुमच्याशी काय भांडण?"

मग मतं पडली आणि कलम मंजूर झालं. भाऊजींना सांग, निर्धास्त जाळी टाका. त्यांचा खोकला थांबला का?

मसुद्यावर सही करताना मात्र मला ओळच सापडेना. शेजारच्या बेल्जियन वकिलाने माझा हात धरून त्या ओळीवर ठेवला आणि हळूच विचारलं, "डोळे डॉक्टरांना कधी दाखवणार?"

मी म्हटलं, "आधी ताईला कळवतो."

तर कळवलं. रागावू नकोस.

तुझ्या हाताखाली वाढलेला,
फोके