बाबांच्या कॉम्प्युटरची नवी डिस्क

शनिवार, ३ ऑक्टोबर

धाकटी आली. बॅग खाली ठेवायच्या आधी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसली! येताना एसएसडी घेऊन आलीय – नवी डिस्क, तळहातावर मावेल एवढी. बाबा टॉर्च धरून शेजारी. जन्मभर बुकबाइंडिंग केलं तरी कुठलंही यंत्र उघडलं की त्यांचे प्रश्न सुरू. "ही कशाची वायर? काढली तर?"

"तर जुन्या डिस्कवर चालू होईल, पहिल्यासारखा रडत. ती महिनाभर आतच राहू दे."

दोघं खिदळत होते. मी ओट्यापाशी.

रविवार, ४

बटण दाबलं की चालू! बाबांचं कौतुक नुसतं उतू चाललंय. शेजारच्या काकांना बोलावून दाखवलं. "माझ्या लेकीनं केलं!" आणि मी कोण? औषधं, चष्मा, डॉक्टरच्या खेपा – ते कोण करतं? पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं.

सोमवार, ५

धाकटी गेली. डिस्क राहिली.

मंगळवार, ६

माझं काय गेलं ते आज कळलं.

रोज सकाळी बाबा बटण दाबून स्वयंपाकघरात यायचे. "सुरू होतोय तोवर बसतो." तिकडे मशीन कुरकुरत राहायचं, इकडे आमचा चहा, गप्पा, काकांची नक्कल. मग ते कॉम्प्युटरवर बुद्धिबळाला, मी कामाला. संध्याकाळी मी येते तेव्हा ते पेंगत असतात, म्हणजे दिवसाचं बोलणं काय ते तेवढंच.

आज बटण दाबलं आणि तिथेच बसले. चहा नेऊन दिला तर मान वर न करता, "ठेव तिथे."

जळते मी. हो, जळते! सख्ख्या बहिणीवर, तेही एवढ्याशा डबीपायी.

गुरुवार, ८

चहा तिथेच. वर साय धरलेली. मी कप उचलला. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

शनिवार, १०

कॉम्प्युटर पुन्हा रडायला लागला! बाबा आपणहून खुर्ची ओढून ओट्यापाशी. "नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय!" मला मनातून उकळ्या फुटत होत्या. दोनदा चहा झाला. काकांच्या कवळीचा किस्सा ऐकून ठसका लागला मला.

रविवार, ११

धाकटीचा फोन. रडवेली झाली होती. "ताई, माझंच काहीतरी चुकलं गं. बाबा आता हसत असतील मला. एकदा झाकण काढून बघ ना." बघते म्हटलं. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू – थोडं बरंही वाटलं.

सोमवार, १२

बाबा फिरायला गेल्यावर झाकण काढलं. नव्या डिस्कची वायर काढून ठेवलेली. लोंबत नव्हती – नीट घडी घालून, मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेली. बाइंडरची गाठ.

धाकटीला कळवलं, तुझं काही चुकलेलं नाही. गाठ तशीच ठेवली.