उघड्या मानेच्या कोंबड्यांची शेवटची व्यवस्था

लगागा लगागा लगागा लगागा. मास्तर डस्टर टेबलावर आपटून ठेका धरत आणि आमचा सगळा वर्ग एका सुरात वृत्त घोकत असे: एक आखूड, दोन लांब, पुन्हा एक आखूड, दोन लांब. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे जे लिहितो आहे त्याचे मूळ त्यातच असल्यामुळे त्याची नोंद आधी.

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, आता घरी बसलेला, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाशिवाय आणि कोणी विचारलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकृतीविषयी एवढेच, की पुढची तारीख देताना डॉक्टर हल्ली माझ्याकडे न बघता कॅलेंडरकडे बघतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मागे ठेवण्यासारखे आपल्याकडे काही आहे असे कधी वाटले नव्हते, आताही फारसे वाटत नाही.

१. घर मुलाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण. तो विकणार, तसे त्याने बोलूनही दाखवले आहे. माझी हरकत नाही. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट माझ्याच हातून तिरकी बसली आहे. त्याची आई जन्मभर ती आल्यागेल्याला दाखवत राहिली, "हे बघा सुताराचं घर." गिऱ्हाइकाने त्यावरून किंमत पाडली तर मुलाने वाद घालू नये.

२. रंधे, पटाश्या, करवती आणि लाकडी पेटी हेही मुलालाच, जरी त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही. खरे तर हत्यारे शेजारच्या शिंप्याला द्यायची होती. त्याने माझी करवत तीनदा नेली आणि तिन्ही वेळा परत आणली, असा माणूस विरळा. पण तो साक्षीदार होतो आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकिलाने बजावले आहे. "मग चष्मा तरी?" शिंप्याने विचारले. तोही नाही.

३. शाळेतले कवितांचे पुस्तक रद्दीत जाईल हे मी धरून चालतो. देण्याआधी मुलाने ते एकदा उघडून पाहावे. एका पानावर त्याच्या आईच्या अंगठ्याचा तेलकट ठसा आहे. ती कविता तिला आवडत होती असे नाही. चुलीवरचे भांडे उतरवायला हाताशी दुसरे काही सापडले नव्हते.

४. कोंबड्या. हे कलम लांबेल.

घरी खाण्यासाठी घरीच कोंबड्या पाळू, ही कल्पना पत्नीची. ती खंगत चालली होती आणि बाजारचे मांस तिला गिळवत नव्हते. पिल्लेवाल्याने तीन खुराडी दाखवली. एकात पांढरी, जाड छातीची; सहा आठवड्यांत ताटात येणारी, पण उन्हात न टिकणारी आणि आपल्याच वजनाने पायांतून बसणारी. दुसऱ्यात मिश्र रंगाची, तीन महिन्यांत तयार होणारी. तिसऱ्यात तांबडी, उघड्या मानेची. काटक, अंगणात वेचून खाणारी, चवीला सगळ्यांत सरस, पण सहा महिने तरी थांबवणारी.

"घरात दोघंच ना? मधली न्या," तो म्हणाला. पत्नीचे बोट पांढऱ्यांवर होते.

तेवढ्यात मागे कुठेतरी उघड्या मानेचा कोंबडा आरवला. एक आखूड, दोन लांब. थांबला आणि पुन्हा तसाच आरवला. मी उभ्या उभ्या शाळेतल्या बाकावर जाऊन बसलो.

"हीच घेऊ," मी म्हणालो.

"का पण?"

"याला वृत्त येतं."

"मला त्याच्या कविता नाही ऐकायच्या हो. त्याचं सूप प्यायचंय."

पिल्लेवाला हसला, तीही हसली, आणि आम्ही तांबडी पिल्ले घेऊन आलो. तिने हट्ट धरला नाही. धरायला हवा होता.

मी त्यांना वृत्तांची नावे दिली. भुजंगप्रयात, मालिनी, वसंततिलका. जी दाण्यांपाशी सगळ्यांत शेवटी पोचे ती मंदाक्रांता. "नाव दिलेलं कापवत नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली. पुढे पुढे अंथरुणावरूनच विचारी, "झाली का हो मोठी?" मी कोंबडा काखेत धरून तिच्यापाशी नेई. ती त्याची छाती चाचपे. "अजून नुसती हाडंच लागतायत." सहावा महिना भरण्याआधी ती गेली.

पांढरी आणली असती तर तिला पोटभर खायला मिळाले असते. एवढ्या आयुष्यात मला खात्रीने कळलेली गोष्ट ही एकच.

त्यानंतर एकही पक्षी कापला नाही. आज नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. अंडी कधीच थांबली. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, टेम्पोवाल्याला देऊन टाका ना सगळ्या." टेम्पोत पाय बांधून उलट्या टांगतात, हे त्याने पाहिलेले नाही. शिंप्याची बायको नको म्हणाली. सबब, सर्व पक्षी मी . . . . . . . . . यांना ठेवतो. नाव सुचत नाही. जागा अशीच राहिली तर टेम्पो येईल, हे मी जाणून आहे.

५. कोपऱ्यावरच्या खाटकाला माझ्या अंगणात पाऊल ठेवू देऊ नये. पत्नीला जाऊन आठवडा उलटला नव्हता, तेव्हा हा कापडात सुरी गुंडाळून दारात उभा. "ती तांबडी झाली असतील ना आता मोठी?" मी दार लावून घेतले. तेव्हापासून मी त्या कोपऱ्यावरून जात नाही, लांबचा रस्ता धरतो. हे वैर कोणाला वारशाने देत नाही. माफही करत नाही.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. तो मी चष्मा लावून पुन्हा वाचला आणि आणखी चांगले लिहिता आले नाही.

स्थळ : माझे स्वयंपाकघर, तिरक्या चौकटीजवळ
दिनांक : अकरा एप्रिल, मंगळवार
सही : सुतार
साक्षीदार पहिला : शेजारचा शिंपी (शाईचा डाग त्याचाच)
साक्षीदार दुसरा : औषधांचा दुकानदार (शिंपी बोलवायला गेला आहे)

पुरवणी, त्याच दिवशी, थोड्या वेळाने.

दुकानदाराला गल्ला सोडून येता आले नाही. दार वाजले म्हणून उघडले, तर शिंप्याच्या मागे खाटीक. "दुसरं कोणी मोकळं नव्हतं," शिंपी पुटपुटला. खाटीक उंबऱ्याबाहेरच थांबला. हात रिकामे होते.

"काका, तेव्हा मी आपणहून नव्हतो आलो," तो म्हणाला. "काकूंनी बोलावून सांगितलं होतं. सहा महिने भरले की ये, ह्यांच्या हातून कापणं व्हायचं नाही. मी असेन नसेन, पहिल्या कोंबड्याचं सूप करून ह्यांना पाज, म्हणाल्या. त्या गेल्याचं कळलं होतं मला. पण शब्द दिला होता ना."

तो माझ्या खांद्यावरून अंगणाकडे पाहत होता.

"आता शिजायची नाहीत ती," तो म्हणाला. "दाणे कधी टाकता?"

कलम पाच खोडले आहे. खाडाखोड माझीच समजावी. कलम चारमधली रिकामी जागा त्याच्या नावाने भरली आहे, त्यामुळे त्याला साक्षीदार होता येणार नाही आणि दुसरी सही अजून बाकीच आहे. तो उंबऱ्याबाहेर चपला काढतो आहे.