बॉबिनसाठी घर पाहणे आहे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा त्यातली चार अंगं आत्ता आणि उरलेली चार बरं वाटल्यावर.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? मी शिवलेला तपकिरी कोट ते अजून घालतात ना? त्याला मी दुहेरी अस्तर लावलंय. त्या कोटात माणसाला खोकला होऊच शकत नाही, आणि होत असेल तर ते बटणं लावत नसणार, एवढं माझ्या वतीने त्यांना बजाव. आईचं शिवणयंत्र चालवतेस, की त्याच्यावर फुलदाणी ठेवून मोकळी झालीस? इकडे सगळे बरे आहेत. ही बरी आहे. चिरंजीव जरा जास्तच बरे आहेत, ते पुढे येईल. पत्र लिहिण्यास कारण की आमच्या बॉबिनसाठी घर पाहणे आहे.

बॉबिनला तू पाहिलंस तेव्हा तो एवढासा होता, रिळांच्या डब्यात झोपायचा. आता कापायच्या टेबलाखाली शिरला तर टेबल हलतं. पण त्याची सवय तीच. चिंध्यांवर झोपणार. या गल्लीत ज्याचं ज्याचं कापड माझ्या कात्रीखालून गेलं, त्याचा एखादा तुकडा बॉबिनच्या पोटाखाली गेलाच समज. त्यामुळे झालंय काय, की माझ्या हातचा कपडा अंगात असला की तो माणूस त्याला घरचा वाटतो. चोर आला तरी शेपूट हलवील, फक्त चोराचा शर्ट आपल्याकडचा हवा. पण अंगात रेडीमेड दिसलं की संपलं! मी दारात स्टुलावर बसलेलो असतो, समोरून पोस्टमन येतो (गणवेश रेडीमेड, खांदे एकीकडे आणि माणूस भलतीकडे, बघवत नाही गं), माझ्या तोंडून नुसतं 'हं' निघतं न निघतं, तोच बॉबिन त्याच्या अंगावर धावलेला असतो. तुझं मागचं पत्र पोस्टमनने समोरच्या फुटपाथवरून भिरकावलं, ते गटारात पडलं. वाळवून वाचलं, पण मधला मजकूर वाहून गेला. कोणाचं तरी ऑपरेशन झालं एवढं कळलं. बरं आहे ना ते माणूस?

आता मूळ दुखणं. शिवायला टाकणारी माणसं कमी झाली, तुझ्याशी कशाला खोटं बोलू. त्यावर चिरंजीवांनी उपाय काढला, की अर्ध्या दुकानात रेडीमेड लावायचं. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत? तर आमची ही म्हणते, मग काय डोळे झाकल्यावर लावायचं? (ही फार बोलत नाही, पण बोलली की शिवण उसवते.) मग एक विक्रेता शर्टांचे नमुने घेऊन आला. मी एक शर्ट चिमटीत धरून उलटा केला. शिलाई अशी, की माणसाला जोराची शिंक आली तर तो बनियनवर उरावा. मी अवाक्षर काढलं नाही. फक्त बॉबिनकडे पाहिलं. त्याने तो शर्ट हँगरसकट टेबलाखाली नेला आणि त्याच्यावर बसून गुरगुरायला लागला. विक्रेता शर्ट टाकून पळाला. चिरंजीव लालबुंद! म्हणाले, बाबा, या दुकानात एक तर नवे कपडे राहतील नाहीतर तुमचा कुत्रा. महिनाअखेर रॅक यायचे आहेत, त्याआधी त्याची कुठेतरी सोय लावा. घ्या! ज्याला मी पँटची चेन लावायला शिकवलं, तो मला सोय लावायला शिकवतोय.

पहिलं घर बेकरीवाल्याचं पाहिलं. माणूस मायाळू, अ‍ॅप्रन माझ्या हातचा, आणखी काय पाहिजे? नव्या जागी बिचारा बावरेल म्हणून मीही दिवसभर तिथल्या बाकावर बसून राहिलो. पण ताई, काय एकेक गिऱ्हाईक! एकाची कॉलर मान सोडून निघालेली, एकीचे खिसे गुडघ्यापर्यंत उतरलेले, एक जण तर पँटच्या पायात पाय अडकून उंबऱ्यावरच धडपडला. मी आपला स्वतःशीच पुटपुटत होतो. बॉबिनने त्यातल्या एकालाही आत पाऊल टाकू दिलं नाही. संध्याकाळी बेकरीवाल्याने न विकलेल्या पावांची रास मला दाखवली, बॉबिनचा पट्टा माझ्या हातात दिला आणि दोघांना मिळून एक पाव दिला. वाईट वाटलं, पण पाव ताजा होता.

मग निवृत्त हेडमास्तर. एकटेच राहतात, पँटी सगळ्या माझ्याकडच्या आणि सगळ्या एकाच मापाच्या (शिस्तीचा माणूस, पोटालाही वाढू दिलं नाही). मी जाऊन बॉबिनची झोपायची जागा पाहिली, खिडकीतून वारं येतं का ते पाहिलं, पाण्याचं भांडं हुंगून पाहिलं. हेडमास्तर म्हणाले, 'मास्तर, कुत्रा द्यायला आलात की शाळा तपासायला?' असो. दोनेक दिवस तो तिथे अगदी गुणी बाळासारखा राहिला म्हणे. मग सुट्टीच्या दिवशी मी सहज चौकशीला गेलो, आणि नेमके त्याच वेळी हेडमास्तरांचे थोरले चिरंजीव आले. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, सूट रेडीमेड, बाह्या पार बोटांच्या टोकांवर. मी सोफ्यावर बसून त्या बाह्यांकडे पाहत होतो. न पाहून जातो कुठे? घशात जरासं काहीतरी आलं, मी खाकरलो, आणि बॉबिन जो सुटला तो सुटलाच! साहेब ओट्यावर चढून बसले, एक पाय कुकरवर. शेवटी हेडमास्तरांनी आतून स्वतःचे जुने शर्ट-पँट आणून दिले, साहेबांनी ओट्यावरच कसेबसे बदलले. ते खाली उतरताच मी म्हटलं, वा, आता कसं! झालं, बॉबिन जाऊन त्यांचे पाय चाटायला लागला. साहेब सूट बगलेत मारून वडिलांच्या पँटीत घरी गेले. हेडमास्तरांनी बॉबिन परत केला आणि वर मला बजावलं, पुन्हा आलात तर दोघांपैकी एकानेच या.

मध्यंतरी माझी कंबर धरली आणि मी आतल्या खोलीत आडवा पडून होतो. दुकानात ही बसायची. तेवढे दिवस बॉबिन एकदाही भुंकला नाही. माझ्या काळजीने त्याचा आवाजच बसला असणार. मुकं जनावर, पण माया बघ.

तेव्हा ताई, फिरून फिरून तुझंच घर डोळ्यांसमोर येतं. भावजींचा कोट माझा, तुझी झबली-टोपरी आईने शिवलेली पण बाकी सगळं माझं, खिडक्यांचे पडदेसुद्धा माझेच. त्याला परकं वाटणार नाही. खाण्याची कटकट नाही, चहात बुडवलेलं बिस्किट दिलं की खूश. एकच खोड आहे. मशीनच्या आवाजाशिवाय त्याला झोप लागत नाही. दुपारी दुकानात आता कोणी फिरकत नाही. पूर्वी याच वेळी पाणी प्यायला उसंत नसायची. मग मी दोरा न ओवताच मशीन चालवत बसतो, बॉबिन झोपावा म्हणून. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं मास्तरांकडे काम चाललंय. पायाशी तो घोरत असतो, आणि माझे पाय चालू असतात. तो गेल्यावर मी कोणासाठी चालवू? तुला म्हणून सांगतो, मला करमणार नाही. त्या रॅकसमोर, त्या हँगरवर लटकलेल्या कपड्यांसमोर मी एकटाच उरेन. पण चिरंजीवांचंही पोट आहे, हे मला कळत नाही असं नाही. बॉबिनला ठेवून घे आणि मला एकदा सुटू दे.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, कोटाला ब्रश.

तुझा धाकटा

ता. क. बॉबिनला पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यांची मापं पाठव. तुझा जावई रेडीमेड घालतो हे मला ठाऊक आहे. त्याचे दोन जोड शिवून बॉबिनबरोबरच पाठवतो. तोपर्यंत त्याला दारातून आत घेऊ नकोस.

आणखी ता. क. तुला जमत नसेल तर भीड धरू नकोस. सरळ 'जमणार नाही' असं लिही. मोठ्या अक्षरात लिही, चिरंजीवांना लांबून दिसेल असं. शक्य झाल्यास गुडघ्याचं कारण दे. खरं म्हणजे तसंच लिही. (ही माझी पत्रं कधी वाचत नाही, तेव्हा हे आपल्या दोघांत.)

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं, म्हणून हे चार शब्द. वरचं सगळं एकदा परत वाचून पाहा. बॉबिन जिथे जिथे भुंकला, तिथे तिथे हे हजर होते. तो कपडे बघतच नाही, यांचं तोंड बघतो. हे आत पडून होते तेव्हा तोच विक्रेता पुन्हा आला, तर बॉबिन त्याच्या बुटावर डोकं ठेवून पडला. मुलाने हे डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे कुत्र्याचा विषय आमच्यात केव्हाच मिटलाय. यांना अजून कोणी सांगितलेलं नाही, कारण सांगायला गेलं की हेच आधी गुरगुरतात. मुलाने रॅकची मापं घेताना खिडकीशी यांच्या मशीनची जागा सोडूनच घेतली. तयार कपडे घेणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी उसवून बेतात बसवायचं असतंच, ते यांच्याशिवाय कोण करणार? तर विनंती एवढीच, की कुत्रा नको, यांनाच महिनाअखेर पंधरा दिवस बोलावून घ्या. रॅक लागले की मीच आणायला येते, तेव्हा सगळं सांगेन. जावयाचे कपडे तिथेच शिवून घ्या, हात चालता राहील. आणि सासूबाईंच्या मशीनवरची फुलदाणी काढून त्याला तेल घालून ठेवा. आवाज नसला की यांना झोप लागत नाही. बॉबिनचं काय, तो कुठेही झोपतो.