दातात धरलेली तार

प्रिय बिलाल,

तुझी लेक महनूर इथे लोणारला मजेत आहे, आंबे खाऊन तोंड पिवळं करून घेते. तू फोनवर सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहायला बसले. रागाने नाही, किळसेने.

मागच्या ईदला नांदुऱ्याला तुझ्या दुकानात आले होते, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एका हातात तापलेली सोल्डरिंगची गन, दुसऱ्यात कुणाच्या तरी इन्व्हर्टरची प्लेट आणि सोल्डरची तार दातात! ती पुढे सरकवायला तू चक्क जीभ वापरत होतास. शी! शिसं असतं रे त्यात. शटर अर्धं खाली, पंखा बंद, का तर म्हणे टाका थंड होतो; आणि तो कडवट धूर थेट नाकात. वर त्याच काळ्या बोटांनी समोसा मोडून अर्धा मला दिलास. पोट भरलंय म्हणाले मी. खोटं होतं.

बोलले तर हसलास. "बाजी, अल्लानं दोनच हात देल्ले, तिसरा कुठून आनू?" अरे, प्लेट धरायला चिमट्याचा स्टँड मिळतो की! पण तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळेच मिस्त्री तसं करतात म्हणून घाण काही स्वच्छ होत नाही. अम्मी असती तर कान उपटला असता तुझा.

परवा महनूर ओसरीत तारेत मणी ओवत होती. हात गुंतलेले, म्हणून दुसरी तार तिने दातात धरली होती. चकचकीत, मऊ. तुझ्या टेबलावरून आणलेली. मी ओरडले तर बिचारी घाबरून म्हणाली, "फुप्पी, अब्बा बी असंच करते." बोट घालून तार काढली, तोंड धुतलं, दोघीही रडलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला बुलडाण्याला पाठवलं. रिपोर्ट अजून यायचा आहे.

रिपोर्ट येईपर्यंत ती इथेच राहील. तो चांगला आला तरी, तू स्टँड आणत नाहीस, पंख्याने धूर दाराबाहेर घालवत नाहीस आणि साबणाने हात धुऊन मगच घास घेत नाहीस तोवर मी तिला पाठवणार नाही. ती तार कागदात गुंडाळून सोबत ठेवली आहे. दातांचे व्रण आहेत तिच्यावर, मोठे आणि लहान. मोठे तुझे आहेत.

तुझीच,
शकीलाबाजी