शांत डब्यातल्या दोन जागा

८ नोव्हेंबर, कोपनहेगन, सकाळ
आज प्रवास सुरू. कोपनहेगन, माल्मो, योटेबोरी, स्टॉकहोम. सगळं रेल्वेने, आणि सगळं डिझाइन. खुर्च्या, दिवे, टाइल्स, जिने. कार्यक्रम मी एकट्याने आखला. दिव्यांच्या दुकानात उभा जन्म गेलेल्या माणसाला यात कोणाचा सल्ला लागत नाही.

खरं कारण इथे लिहून ठेवतो. माझी मैत्रीण इंगालिल स्वीडनमधला, लुंडचा फ्लॅट विकणार, हे नक्की. विकून माझ्याकडे कोपनहेगनला राहायला येणार की वर उत्तरेत लुलिओला मुलाच्या शेजारी जाणार, ते या प्रवासात ठरवते म्हणाली. तीन वर्षं दर शनिवारी पूल ओलांडून मी तिच्याकडे जातो. रविवारी संध्याकाळी परत आलो की घर खायला उठतं. आता ते पुरे. स्टॉकहोमला विचारायचं. तोवर माझी अभिरुची बघून तिचं मत झालेलंच असेल.

संध्याकाळ
खुर्च्यांचं संग्रहालय. मी प्रत्येक खुर्चीपाशी थांबून समजावलं. इंगालिल म्हणाली, एवढ्या खुर्च्या आणि बसायला एकही नाही. निरीक्षण बरोबर आहे. उद्या जास्त वेळ द्यावा लागेल.

९ नोव्हेंबर, माल्मो
कॅफेत टेबलावरचा दिवा फार उंच. डोळ्यांत उजेड, बशीत अंधार. न राहवून खुर्चीवर चढलो आणि वायरला गाठ मारायला घेतली. मालकीणबाई धावत आल्या. म्हणाल्या, अहो आजोबा, खाली या, तो दिवा माझ्या सासूने लावलाय, तिला कळलं तर तुमच्याआधी मलाच तिथे टांगेल. मी म्हणालो, सासूबाईंना बोलवा, त्यांनाही प्रकाशाचं शास्त्र सांगतो. इंगालिलच्या नाकातून कॉफी आली. रस्त्यातही हसत होती, माझ्या दंडाला धरून.

माझी शोभा झाली. एका सुसंस्कृत बाईपुढे असं व्हायला नको होतं.

११ नोव्हेंबर, योटेबोरी
चिनी मातीची भांडी, मग जुने जिने, मग एका बँकेच्या दाराची मूठ (दरवान आत सोडेना, बाहेरूनच समजावली). पाऊस, वारा. ट्राममध्ये इंगालिल बूट सैल करत म्हणाली, आज काही फार रूलिग नव्हतं.

रूलिग. उच्चार तोंड गोल करून, स्वीडिश लोकांची सवयच आहे ती. शब्द मात्र आमचाच. म्हणजे शांत. डॅनिश माणसाला स्वीडिश शिकावं लागत नाही, जरा सावकाश ऐकलं की झालं. तर आजचा दिवस शांत नव्हता. बरोबर आहे तिचं. मी फार बोलतो. ती दिव्याची भानगड तर अजून तिच्या मनात असणार.

ठराव: उद्यापासून बोलणं निम्मं. किस्से बंद. परक्यांच्या दिव्यांना हात नाही. खुर्च्या चालू ठेवायच्या, त्या शांत असतात. स्टॉकहोमच्या गाडीतल्या जागा बदलून शांत डब्यात घेतल्या, परतीच्याही. तिला सांगितलं नाही. कळेल तेव्हा खूश होईल.

१२ नोव्हेंबर, गाडीत
गाडी सुटताच इंगालिल लुंडच्या शेजारणीचं सांगायला लागली. शेजारणीने नवऱ्याचे दात चुकून डिशवॉशरमध्ये घातले, इथपर्यंत आली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि पाटी दाखवली. फोन नाही, गप्पा नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग खिडकीबाहेर बघायला लागली. तळी, बर्चची झाडं. तिच्या चेहऱ्यावर अगदी समाधान. दातांचं पुढे काय झालं ते राहिलंच.

स्टॉकहोम, संध्याकाळ
बोदिलताईचा फोन. विचारलं का, म्हणून. मी शांतपणाची योजना सांगितली. ताई ओरडलीच. म्हणाली, अरे गाढवा, त्यांच्यात रूलिग म्हणजे मजेशीर. तिला मजा येत नाहीये, आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलायस. मी म्हणालो, ताई, तू स्वीडनला जातेस ती स्वस्तातला किराणा आणायला, भाषेचं मला सांगू नकोस. ती म्हणाली, मर मग, आणि फोन आपटला.

ताईला आयुष्यभर सगळंच मजेशीर वाटत आलंय.

१३ नोव्हेंबर, स्टॉकहोम
भुयारी रेल्वेची स्टेशनं, खडक कोरून रंगवलेली. एकेक बघितलं. मी जवळजवळ गप्प. फक्त बोट दाखवायचो. इंगालिलने स्वतःच एक विनोद सांगितला, मी मान हलवली. तिने विचारलं, तब्येत बरी आहे ना? उत्तम, म्हणालो. मग थोड्या वेळाने, माझा राग आलाय का? मी शांतपणे नाही म्हणून मान हलवली. एकच शब्द बोललो असतो तर चाललं असतं का? नाही. ठराव तो ठराव.

चारच्या कॉफीला बाहेर अंधार झाला होता. तिने बनचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. म्हणाली, प्रेबेन, पूर्वी तू किती रूलिग होतास.

पूर्वी होतो म्हणजे आता नाही. एवढं करूनही. बोट दाखवतो तेही जास्त होत असेल, हाच तो अशांतपणा. रात्रीचं जेवणही एक शब्द न बोलता केलं. भीती वाटतेय, पण ती फक्त इथे लिहितोय.

१४ नोव्हेंबर, स्टॉकहोम
सकाळी नाश्त्याला इंगालिल म्हणाली, मी इथूनच लुलिओला जाते, तिकीट काढलंय. मी म्हणालो, छान.

प्लॅटफॉर्मवर वाक्य तयार होतं. माझ्याकडे राहायला ये, एवढंच. ती डब्याच्या पायरीवर उभी राहिली. म्हणाली, तुला काही बोलायचंय का? मी कोटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. दार बंद व्हायची शिट्टी झाली तरी ती माझ्याकडेच बघत होती. अशा वेळी घाई करणं, गळ्यात पडणं, हे शांत माणसाचं लक्षण नव्हे. मी टोपी काढून हातात धरली. गाडी गेली.

एकंदरीत बरं झालं. तिला विचार करायला निवांतपणा मिळेल. माझा संयम तिने पाहिला आहेच.

जेवलो नाही.

१५ नोव्हेंबर, परतीची गाडी
शेजारची जागा रिकामी. डब्यात कोणी खोकतसुद्धा नव्हतं, म्हणून उठून खानपानाच्या डब्यात आलो. समोर दोन स्वीडिश बायका विणत बसल्या होत्या. एक सांगत होती, तिचा नवरा भलत्याच अंत्यविधीला जाऊन बसला, रडला, कॉफी पिऊन आला, आणि घरी येऊन म्हणतो कसा, आपला योरान किती बदलला होता. दुसरीने विणकाम खाली टाकलं. डोळे पुसत, पोट धरत ती परत परत म्हणत होती, देवा, किती रूलिग, किती रूलिग आहे तुझा नवरा.

शांत नक्कीच नव्हत्या त्या.

कॉफी गार झाली. ट्राम आठवली. कॅफे आठवला, तिने दंडाला धरलं होतं ते. मग कालची पायरी. मी मूर्ख आहे. हे कोणालाही सांगायचं नाही, पण मूर्ख आहे.

इंगालिलला फोन लावला. उचलला नाही. निरोपाच्या यंत्रावर दुकानातला पाद्र्याचा किस्सा सांगायला घेतला. पाद्री झुंबर घेऊन शिडीवर चढेपर्यंत नीट सांगितला. मग वेळ संपली आणि यंत्र बंद झालं.

थोड्या वेळाने तिचाच फोन. मी म्हणालो, शब्दाचा घोटाळा झाला, मला वाटलं तुला शांतता हवीय. तिने कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, प्रेबेन, मी काल रात्रीच मुलाला इथेच राहायला येते म्हणून सांगितलं. तो इतका खूश झाला, सून रडली. आता कसं फिरवू?

मी म्हणालो, नको फिरवू.

ती म्हणाली, पण पाद्र्याचं पुढे काय झालं ते सांग.

मी सांगितलं, सगळं, शिडीपासून पुन्हा, हातवारे करून. विणणाऱ्या बायका वळून बघत होत्या. इंगालिल हसली. खोकला लागेपर्यंत हसली. मग म्हणाली, नीट जा घरी, आणि फोन ठेवला.