वाऱ्याने बदललेला जिल्हा

लोकताक सरोवर, मंगळवार

चि. इबोम्चास अनेक आशीर्वाद.

आत्या बरी आहे. ताप उतरत नाही, पण मासळीचा रस्सा मागते. तुझे गुडघे कसे आहेत?

वादळात बांबूचा खुंट उखडला आणि तिची झोपडी खालच्या तरंगत्या गवताच्या बेटासकट पलीकडच्या जिल्ह्यात आली. डॉक्टरांची बोट मागितली, तर इथला साहेब आईला हाक मारावी तसा म्हणतो, "इमा, तुम्ही तिकडच्या." तिकडचा म्हणतो, "आता तुम्ही त्यांच्या." मी विचारलं, "मग ताप कुठल्या जिल्ह्याचा?" दोन्हीकडे नुसते हसले. मेले!

कॉन्व्हेंटात जन्मभर मुलींकडून जिल्ह्यांच्या सीमा घोकून घेतल्या. आता आत्याचं डोकं मांडीवर घेऊन वाऱ्याची वाट बघते आहे.

काळजी करू नकोस. फक्त घरच्या सनामही देवापुढे दिवा लाव आणि वारा फिरव म्हणावं.

तुझी थोरली बहीण,
सनातोंबी