विरोध असेल त्यांनी उभं राहावं

तीर्थरूप वन्सं,

नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. थेंब वेळच्या वेळी घाला, आणि हे पत्र एका दमात वाचू नका, लांब आहे. माझं ठीक चाललंय. जेवते, झोपते. तुमच्या भावाच्या उशीवर अजून डोकं टेकवत नाही, एवढंच. बाकी सुरळीत.

पत्राला कारण असं, की काकांचा फोन तुम्हाला आला असेलच. सून भर सभेत उलटली, असं त्यांनी सांगितलं असेल. ते खरं आहे, पण नंतरचं अर्धं. आधीचं अर्धं ते सांगणार नाहीत, कारण त्यात ते स्वतः आहेत.

हे गेल्यावर त्यांच्या नगरसेवकपदाची उरलेली मुदत माझ्या गळ्यात घातली, तेव्हा नगराध्यक्ष आणि काका दोघंही आपल्याच सोफ्यावर बसून म्हणाले होते, काही करायचं नाही, नुसतं बसायचं. मला वाटलं, समजूत घालायला म्हणतायत. पण नगरपालिकेत खरोखर तेच काम आहे. ठराव वाचून झाला की अध्यक्ष म्हणतात, विरोध असेल त्यांनी उभं राहावं. जे बसून राहतील ते बाजूने. (झोपलेलेही बाजूने धरतात.) खुर्च्या मऊ, डोक्यावर पंखा, त्यामुळे कुणी कधी उठल्याचं जुन्या शिपायालासुद्धा आठवत नाही.

त्या दिवशीचा ठराव काकांचा होता. वाचनालय बंद करायचं आणि त्या खोलीत गटारं साफ करायचं नवं मशीन ठेवायचं. मशीन उन्हात खराब होतं, माणसं काय, कुठेही बसून वाचतील, असं काकांचं म्हणणं. मला ते ऐकून कसंतरीच झालं. तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेत फार गेले नाही. हे ऑफिसला जाताना मला त्या वाचनालयात सोडायचे आणि येताना घेऊन यायचे. आधी नुसती चित्रं बघायची, मग जाहिराती अक्षरं लावून लावून वाचायची, मग कादंबऱ्यांपर्यंत पोचले. आता हे नाहीत तरी जाते. घरातली शांतता वेगळी, तिथली वेगळी. तिथे माणसं असून गप्प असतात.

पण कसंतरी झालं म्हणून मी उठले असं समजू नका. मी बसूनच होते. ठराव मांडून काका बाहेर गेले होते (वयाप्रमाणे त्यांना मधूनमधून जावं लागतं, तुम्ही जाणताच), आणि नेमके अध्यक्ष ‘विरोध असेल त्यांनी’ म्हणत असताना काका दारातून आत आले. मी उठले. सासरची वडीलधारी माणसं खोलीत आली की मी उठते, लग्न झाल्यापासून उठते, पायच उठतात. मी उठले म्हणून माझ्या मागच्या रांगेतल्या बायका उठल्या. त्या उठल्या म्हणून दोन तरुण नगरसेवकांना बसून राहायला लाज वाटली. काका खूश! हाताने बसा बसा करत काठी टेकत निघाले, वाटेत एकाला मुलीच्या बाळंतपणाचं विचारलं. ते बसेपर्यंत आम्ही कशा बसणार? तेवढ्यात कारकुनाने डोकी मोजली, आणि ठराव पडला. पडलेल्या ठरावाचं पुढे काय करतात हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातली मंडळी घरी आभार मानायला. मी सरळ सांगितलं, बाबांनो, मी काकांसाठी उठले होते. तर पेपरातली टेंडरंसुद्धा वाचणारे आपले निवृत्त बसड्रायव्हर म्हणतात, बघा, किती साधेपणा! माझ्या खरं बोलण्याचा एवढा अपमान कधी झाला नव्हता.

मग अध्यक्ष आले, काकांना घेऊन. वहिनी, पुढच्या सभेत ठराव परत मांडतो, तुम्ही तेवढं चूक झाली म्हणा. मी म्हटलं, झालीच होती. अध्यक्षांना हायसं वाटलं. पण काका थांबतायत होय? म्हणाले, तो असता तर गप बसून राहिला असता.

वन्सं, बसलेच असते हो. तुमचा भाऊ कुणाला नाही म्हणणारा नव्हता. पण घरी आल्यावर मी त्यांना बोलले असते, आणि दुसऱ्या दिवशी ते गुपचूप जाऊन काहीतरी मार्ग काढून आले असते. आता मी घरी येऊन कुणाला बोलू? काकांना मी हेच म्हटलं. ते चहा अर्धा टाकून गेले.

पुढच्या सभेला काका सगळ्यांच्या आधी येऊन बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. अध्यक्षांनी विचारलं. मी उठले. मागच्या रांगेने आधी दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि एकेक करून उठल्या. झालं, एवढंच. मशीनला ताडपत्री घेतली.

आता मुदत संपत आली आहे. संपली की मी सुटले. पुन्हा या भानगडीत पडणार नाही. काका बोलत नाहीत, त्यांची समजूत तुम्हीच काढा.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. : काकांची समजूत काढायची गरज नाही. ठराव काकांच्या लघवीमुळे पडला, असं अध्यक्ष चारचौघांत बोलले. तेव्हापासून काका अध्यक्षांशी बोलत नाहीत आणि माझ्याशी जरा जास्तच बोलतात.

आणखी एक : काल मी निवडणुकीचा अर्ज भरला. सूचक काका. वर लिहिलेलं खोडत बसत नाही, परवा लिहिलं तेव्हा तसंच वाटत होतं.

आता खरं काम. पत्रकावर उमेदवाराचा फोटो लागतो. घरातले सगळे डबे उपसले, माझा एकटीचा फोटो नाही. प्रत्येकात हे शेजारी आहेत. छापखानेवाला म्हणतो, द्या त्यातलाच एक, साहेबांना कापून टाकतो, कुणाला कळणार नाही. मी तो परत घेऊन आले. तुमच्याकडे माझा एकटीचा असला तर पाठवा. नसला तर डोळा बरा झाल्यावर चार दिवस या, आपण दोघी जाऊन काढून घेऊ.